बर्फावरचं बोरन्हाण

माझ्या नातवाचं बोरन्हाण चार वर्षं राहून गेलं आणि दर वर्षी कारण नवं होतं. पहिल्या संक्रांतीला तो नुकता धरून उभा राहायला लागला होता आणि नेमका तापला. दुसऱ्या वर्षी चुरमुरे आणि शेंगदाणे एवढ्याशा मुलाच्या घशात कसे अडकू शकतात, हे माझ्या सुनेने मला शांतपणे समजावून सांगितलं. ती जर्मन आहे आणि शाळेत शिकवते, त्यामुळे समजावून सांगणं तिला फार छान जमतं आणि ऐकणाऱ्याला वाद घालायला जागाच राहत नाही. तिसऱ्या वर्षी ते तिघं घर बदलत होते. चौथ्या वर्षी मी पुण्यात भाचीच्या लग्नात मिरवत होते.

आणि आता पाचवं वर्ष. एप्रिलमध्ये नातू पाच पूर्ण करणार, आणि पाच वर्षांनंतर बोरन्हाण करत नाहीत. संक्रांत ते रथसप्तमी एवढाच काय तो अवकाश. लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. ते लुटायला बाकीची पोरं टपून बसलेली असतात. थंडी बाधू नये, मूल धट्टंकट्टं राहावं म्हणून करतात असं माझी आई सांगायची. मला विचाराल तर घरातल्या सगळ्यांना त्या मुलाकडे मनसोक्त बघत बसता यावं म्हणून करतात.

मी ब्राउनश्वाइगमध्ये इतकी वर्षं काढली आहेत की माझा निम्मा राग हल्ली जर्मनमध्ये येतो. पण जानेवारीत मुलाचा हॅनोव्हरहून फोन आला तेव्हाचा राग शुद्ध मराठी होता. तो म्हणाला की संक्रांतीपासून किटातली, म्हणजे बालवाडीतली, सर्दी त्यांच्या घरात पाळीपाळीने मुक्काम करते आहे, तेव्हा इतक्यात काही जमत नाही. आणि रथसप्तमी येते ती नेमकी त्सॉयगनिसफेरियनमध्ये. प्रगतिपुस्तकं वाटून झाली की शाळांना एवढीशी सुट्टी मिळते, ती ही. तेव्हा ते हार्त्सच्या डोंगरात स्कीइंगला जाणार होते. तिची आईही ड्युसेलडॉर्फहून येणार होती.

माझ्या विहीणबाई सत्तरीच्या आहेत आणि अजून स्कीवर अशा उतरतात की बघणाऱ्याने घरी जाऊन आपले गुडघे चोळावेत. नातवाला त्याच घेऊन फिरतात, त्याच शिकवतात. तो उतारावर त्यांच्या मागे मागे सुटतो आणि मी खाली थर्मास धरून उभी. मला त्यांचा हेवा वाटतो, स्पष्टच सांगते. मी एकदा स्कीइंग केलं आहे, त्याची आठवण पाऊस येण्याआधी माझं मनगट काढून देतं.

"आम्हीपण येतो," मी मुलाला म्हटलं. मग तो म्हणाला, "हो, पण आई, फेरिएनवोनुंग छोटी आहे." म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने घेतलेलं घर. मी म्हटलं, आम्ही शेजारचं गेस्टहाउस घेऊ, तुझ्या बाबांना लांगलाउफ, ते सपाटीवरचं स्कीइंग, करायचंच आहे. हे बाजूला वर्तमानपत्र वाचत बसले होते. आपल्याला काय करायचं आहे ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते इथल्या विद्यापीठातून निवृत्त झालेले इंजिनियर आहेत आणि संसारात केव्हा मान हलवायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी हलवा करायला बसले. ज्यांनी तो केला नाही त्यांच्यासाठी सांगते. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद आच, आणि साखरेचा पाक चमच्याने थेंब थेंब सोडत बोटांनी तीळ फिरवत राहायचे. पाक तिळावर चढतो, सुकतो, पुन्हा चढतो. दिवसच्या दिवस हेच. हवा थंड आणि कोरडी असेल तर हलव्याला काटा येतो, दमट असेल तर नुसते ओबडधोबड गोळे होतात. पुण्यात आई पहाटे उठून करायची. मी इथे बाल्कनीत कोट घालून, पायात लोकरीचे मोजे चढवून, छोट्या इलेक्ट्रिक शेगडीवर परात ठेवून बसायचे. शेजारचे काका रोज कठड्यावरून विचारपूस करून जायचे. पण काटा असा सुरेख आला की मी ह्यांना दिवसातून पाच वेळा तो बघायला बोलावलं. मग मुकुट झाला, बासरी झाली, बाजूबंद, कंबरपट्टा आणि गुडघ्यापर्यंत येईल एवढा लांबलचक हार. काळं झबलं घालण्याचं वय गेलेलं, म्हणून काळ्या मखमलीचा सदरा शिवला.

बोरं काही मिळाली नाहीत. व्हिएतनामी दुकानात वाळलेली लाल बोरं होती, पण सुनेला फोनवर सांगताच तिने आधी विचारलं, आत बी असते का. होती. बोरं गेली. मग शेंगा गेल्या, कारण किटामध्ये कुणाला तरी शेंगदाण्यांची ॲलर्जी होती. उसाचा प्रश्नच नव्हता. शेवटी उरले चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, कागदातल्या गोळ्या आणि गुमीबेअर. रबरासारखी ती रंगीत अस्वलं बोरन्हाणात ओतायची हे मी आईला स्वप्नातसुद्धा सांगितलं नसतं. पण म्हटलं, असो, डोक्यावरून काहीतरी पडल्याशी कारण.

हार्त्स आमच्यापासून तासाभरावर. पोचलो तेव्हा दिवस कलत होता आणि उताराच्या कडेला बर्फाच्या तोफा चालू होत्या. मोठ्या पंख्यासारखी ती यंत्रं पाण्याचे बारीक फवारे हवेत उडवतात आणि खाली पडेपर्यंत त्यांचा बर्फ होतो. ह्यांनी लगेच समजावून सांगायला घेतलं. आधी एक सूक्ष्म कण लागतो, त्याच्यावर पाणी गोठत जातं, आणि हवा नुसती थंड असून चालत नाही, कोरडीही लागते.

"म्हणजे हलवाच की," मी म्हटलं.

हे तोफेकडे बघत राहिले. मग म्हणाले, तत्त्व तेच. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या स्वयंपाकघराला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक.

विहीणबाईंनी दारातच आम्हाला पुढच्या दिवसांचा कार्यक्रम तोंडी ऐकवला. सकाळी नातू लहान मुलांच्या स्कीशाळेत, दुपारी सूप, मग स्लेज, संध्याकाळी पत्ते. शेवटच्या दिवशी, म्हणजे रथसप्तमीला, स्कीशाळेच्या मुलांची वेषभूषा करून शर्यत. फाशिंगचा सण जवळ आला की इथे मोठी माणसंसुद्धा सोंगं घेतात, मुलांची तर चंगळ असते. त्यात मी माझा कार्यक्रम सांगितला. सून म्हणाली, घरात नको, इथे सगळीकडे गालिचा आहे, चुरमुरे त्यात रुतले तर घरमालकीण एंडरायनिगुंगवरून डोकं खाईल. शेवटची साफसफाई म्हणजे इथे सगळ्यात पवित्र विधी. शिवाय घरात करून लुटणार कोण? नातू एकटा. म्हणून मी ठरवलं की शर्यत संपली की तिथेच, खाली, सगळ्या पोरांच्या घोळक्यात करायचं. मुलगा म्हणाला, "बघू." त्याचं हे बघू मी त्याच्या दहावीपासून ओळखते.

पुढचे दिवस मात्र मजेत गेले, खोटं कशाला बोलू. हे सकाळी अरुंद स्की चढवून सपाटीवरच्या जंगलात जायचे आणि देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे तळ्याभोवती शांतपणे फिरून यायचे. येताना त्यांच्या मिशांवर दंव असायचं आणि चेहऱ्यावर शाळा बुडवलेल्या मुलाचा आनंद. मी स्कीशाळेच्या कुंपणाशी उभी राहायचे. तिथे जमिनीवरून सरकत जाणारा एक पट्टा आहे, त्याला झाउबरटेपिश म्हणतात, जादूचा गालिचा. त्यावर हेल्मेटवाली चिमुरडी एकामागे एक उभी राहून वर जायची आणि घरंगळत खाली यायची. एक पडलं की मागची सगळी पडायची आणि रडण्याऐवजी हसत सुटायची. दुपारी झोपडीवजा हॉटेलात वाटाण्याचं दाट सूप, आणि नंतर तळहाताएवढ्या विंडबॉयटेल, म्हणजे सायीने फुगलेले पोकळ गोळे. ह्यांचं कोलेस्टेरॉल डोंगरावर लागू होत नाही असं आमचं ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई मला म्हणाल्या, स्की नको तर नको, पण स्लेजवर चल माझ्याबरोबर. मी नाही म्हणणार होते. पण नातू बघत होता. मग आम्ही लाकडी स्लेज घेऊन केबिनच्या लिफ्टने वर निघालो. खाली बघायला नको म्हणून मी बडबड सुरू केली आणि बोरन्हाण पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी इंजिनियरसारखे प्रश्न विचारले. कोण ओततं, किती उंचावरून, मुलाच्या डोळ्यांत जात नाही का, जमिनीवर पडलेलं खातात का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, आमच्याकडे लहानपणी फाशिंगच्या मिरवणुकीत गाड्यांवरून गोळ्या उधळायचे आणि आम्ही त्या झेलायला छत्री उलटी धरायचो. मी हो हो म्हटलं. खरं तर माझं सगळं लक्ष केबिनच्या काडीएवढ्या दिसणाऱ्या तारेवर होतं.

उतरताना त्या पुढे, मी मागे, त्यांच्या कमरेला मिठी. पहिल्या वळणावर मी रामरक्षा सुरू केली, दुसऱ्यावर विसरले, तिसऱ्यावर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी शाळेतल्या खोखोनंतर काढला नव्हता. खाली आम्ही दोघी एका बर्फाच्या ढिगात आडव्या झालो. विहीणबाईंची टोपी उडाली होती आणि त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते. आम्ही उठायचं सोडून हसत पडून राहिलो. मग मीच म्हटलं, पुन्हा एकदा. त्या दिवशी आम्ही लिफ्ट बंद होईपर्यंत फेऱ्या मारल्या, आणि माझा हेवा कुठल्या वळणावर सांडला ते मला सांगता येणार नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी दागिने काढले. नातवाने मुकुट बघितला, सदरा बघितला आणि जर्मनमध्ये ठाम सांगितलं की तो राजपुत्र नाही, तो पिस्टनराउपे आहे. ही पिस्टनराउपे म्हणजे स्कीचे उतार सपाट करणारं मोठं यंत्र, रणगाड्यासारख्या साखळ्यांवर चालतं. त्याच्या खोलीत त्याचीच चित्रं आहेत. मुलाने पुठ्ठ्याच्या खोक्याला लाल रंग देऊन, दोन पट्टे लावून सोंग तयार ठेवलं होतं. त्यात राजपुत्राला जागा नव्हती. त्याला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं, आणि नकार तर फारच स्वच्छ जर्मनमध्ये येतो.

मी हिरमुसले. इतके दिवस बाल्कनीत गारठून केलेला हलवा पुन्हा डब्यात भरताना मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात त्याने लांब हार उचलला. काट्यांवरून बोट फिरवलं. आणि विचारलं, या साखळ्या आहेत का?

मी म्हटलं, मग काय तर, साखळ्याच आहेत, बर्फात रुततील अशा काटेरी केल्या आहेत.

झालं. हार खोक्याच्या एका बाजूला गेला, कंबरपट्टा दुसऱ्या. बाजूबंदांचे दिवे झाले. मुकुट वर लागला, कारण पिस्टनराउपेला वर नारिंगी दिवा असतोच. बासरीचा धूर सोडायचा पाइप झाला. सकाळी खोकं त्याच्या अंगात चढवून मी एकेक दागिना दोऱ्याने पक्का करत होते आणि तो यंत्रासारखा घरघरत जागच्या जागी गिरक्या घेत होता.

"हलू नकोस," मी म्हणायचे. तो क्षणभर थांबायचा आणि पुन्हा घरघर. "अरे, हलू नकोस." शेवटचा दोरा बांधेपर्यंत मी दुसरं काही बोललेच नाही.

बाहेर आलो तर डोंगर गायब. धुकं, वारा आणि ओला भुरभुर बर्फ. वरची लिफ्ट बंद होती आणि स्कीशाळेने शर्यत दुपारी ढकलली. फेरिएनवोनुंग सकाळीच सोडावी लागली, सामान गाडीत, सगळे ओले, आणि मुलाला संध्याकाळी ऑफिसची मीटिंग. शर्यत झाली की लगेच निघू, तो म्हणाला. आम्ही हॉटेलच्या वळचणीला उभे होतो. त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "हे बघ आई, पुढच्या शनिवारी घरी करूया ना निवांत. तारीख कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटलं.

पुढे बरंच बोलायचं होतं. आज रथसप्तमी आहे, उद्यापासून ते बोरन्हाण राहणार नाही, नुसते चुरमुरे राहतील. पुढच्या वर्षी तो मोठा असेल, मग शाळेत जाईल, मग मला लाजेल. मी चष्मा पुसायला घेतला. चष्म्यावर बर्फ होताच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही असं मला वाटलं.

सुनेला वाटलं. तिला मराठी येत नाही, पण माझा चेहरा तिला वाचता येतो हे मला तेव्हा कळलं. तिने नवऱ्याला विचारलं, त्याने सांगितलं. ती स्कीशाळेच्या तंबूकडे चालत गेली आणि शिक्षिकेशी बराच वेळ बोलत राहिली. हातांनी दाखवत होती, डोक्यावरून काहीतरी ओतल्यासारखं. परत आली तेव्हा गाल लाल झाले होते. म्हणाली, शर्यतीनंतर लगेच, खालच्या रेषेजवळ. अट दोनच, शेंगदाणे नकोत आणि कागद सगळे उचलायचे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दुसऱ्या वर्षी मीच नको म्हटलं होतं. आज पहिलं मी ओतते, चालेल ना आई?" हे जर्मनमध्ये होतं. फक्त आई मराठीत. मी तिच्या ओल्या जॅकेटसकट तिला जवळ घेतलं.

दुपारी धुकं थोडं वर सरकलं आणि शर्यत सुरू झाली. मधमाशी आली, चेटकीण आली, पेंग्विन पालथा पडून पोटावरच रेषेपार गेला. आणि मग वरून लाल पिस्टनराउपे निघाली. अर्ध्या उतारावर आली आणि थांबली. मग आडवी गेली, परत आली, पुन्हा आडवी गेली. शिक्षिका हाका मारत होती, लोक टाळ्या वाजवत होते, मुलगा दोन्ही हात हलवत होता. नातू शांतपणे उतार सपाट करत होता. ते यंत्र कधी शर्यत लावतं का? काम करतं. त्याचं काम झालं तेव्हा तो खाली आला, सगळ्यात शेवटी, आणि त्याला पदक मिळालं, कारण ते सगळ्यांनाच मिळत होतं.

आम्ही स्लेज उतारापासून दूर घेतली, पाटाऐवजी तिच्यावर त्याला खोक्यासकट बसवलं. ओल्या बर्फाने हलवा सुटायला लागला होता, साखळ्यांतून साखरेचं पाणी पुठ्ठ्यावर ओघळत होतं आणि मधमाशी झालेली मुलगी वाकून एक साखळी चाटत होती. चेटकीण तिला विचारत होती, कशी लागते. औक्षणाचं निरांजन वाऱ्याने विझलं, पुन्हा विझलं. ह्यांनी टोपी आड धरली, सुनेने हातमोजे काढून ज्योतीभोवती ओंजळ केली, तेव्हा कुठे मला ओवाळता आलं. मग सुनेने भांडं भरलं आणि त्याच्या हेल्मेटवर ओतलं.

गोळ्या दिसल्या, त्या एका झडपेत गेल्या. पण चुरमुरे? पांढऱ्या बर्फावर पांढरे चुरमुरे, जमिनीला लागायच्या आत नाहीसे. पोरं जाड हातमोज्यांनी बर्फ चाचपत होती आणि हाती येत होता तो लगदा. एवढी वर्षं या देशात राहून मला हे सुचलं नव्हतं. मी गालिच्याचा विचार केला, शेंगदाण्यांचा केला, बियांचा केला, आणि बर्फ पांढरा असतो याचा केला नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दोघं आईबापांकडे परत निघाली. मला वाटलं, झालं, एवढंच होतं आपल्या नशिबी.

तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात त्यांची भली मोठी काळी छत्री होती. ती त्यांनी उघडून उलटी केली, टोक बर्फात रोवलं आणि स्लेजला टेकवून धरली. मग मागे वळून आईबापांच्या घोळक्याला ड्युसेलडॉर्फच्या खणखणीत आवाजात सांगितलं की ज्यांच्या ज्यांच्याकडे छत्र्या आहेत त्यांनी त्या इकडे आणाव्यात. आणि त्या आल्या. ठिपक्यांची, लाल, एक फाटकी, एक मोडकी. स्लेजभोवती उलट्या छत्र्यांचं कडं झालं. मला लिफ्टमधलं त्यांचं बोलणं तेव्हा आठवलं.

आता काळ्या छत्रीत चुरमुरे पडले की दिसायचे. मुलाने ओतलं, ह्यांनी ओतलं, मी ओतलं, विहीणबाईंनी ओतलं ते अगदी माझ्याइतकंच हळू. नातवाच्या हेल्मेटवर तडतड वाजून सगळं छत्र्यांत उडत होतं आणि पोरं त्यात तोंडं घालत होती. इथल्या मुलांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. कुणीतरी उधळायचं आणि आपण लुटायचं, हे त्यांना माहीत होतं. विहीणबाईंनी आपल्या गावची फाशिंगची आरोळी ठोकली आणि सगळी पोरं हेलाऊ, हेलाऊ ओरडायला लागली. माझ्या नातवाचं बोरन्हाण हेलाऊच्या गजरात झालं. तो मध्ये बसून, तोंडात गुमीबेअर कोंबून, डोळे मिटून हसत होता. मी त्याच्याकडे मनसोक्त बघून घेतलं. घाई नव्हती. मुलाची मीटिंग होती, पण तोही मोबाइल खिशात ठेवून बघत उभा होता.

पोरं पांगली, आम्ही कागद वेचले. पिशवीत थोडे चुरमुरे उरले होते. नातू खोक्यातून बाहेर आला आणि मला जर्मनमध्ये विचारलं, तुझं कुणी केलं होतं?

मी म्हटलं, माझ्या आईने केलं असेल. मला आठवत नाही, मी फार लहान होते.

त्याने यावर विचार केला. आठवत नाही म्हणजे झालंच नाही, असा त्याचा निकाल लागलेला दिसला. त्याने मला स्लेजकडे बोट दाखवलं. सदुसष्टाव्या वर्षी मी त्या ओल्या लाकडावर बसले. विहीणबाईंनी छत्री पुन्हा उलटी करून माझ्या गुडघ्यांना टेकवली. त्याने माझी लोकरी टोपी काढली, दोन्ही हातांनी पिशवी उचलली, पण ती त्याला जड होती आणि मी हसत होते, रडत होते, नाक पुसत होते, त्यामुळे माझं डोकं काही एका जागी राहत नव्हतं.

त्याने पिशवी पुन्हा खाली ठेवली. कपाळाला आठी घातली, अगदी माझ्यासारखी.

"आजी, हलू नकोस," तो मराठीत म्हणाला.

मी अजिबात हलले नाही.